जपानवाल्यांचं मशीन आणि सूर्यमाळचा टॉवर

सासऱ्याला व्हिडिओ गेम आणून देणारा जावई जव्हारात तरी आजवर झाला नव्हता. तो मान सुशीलने मिळवला, आणि मान मिळवणं म्हणजे नेमकं काय काय सोसणं असतं, हे त्याला त्या उन्हाळ्यात नीट कळलं.

सुशील मोखाड्याला पंचायत समितीत कारकून. रोज जव्हारहून जीपने जायचं, संध्याकाळी जीपने परत यायचं. नोकरी कायम, प्रकृती ठणठणीत, बायको दीप्ती समंजस. अशा सुखी माणसाला एखादी खोड नसेल तर बरं दिसत नाही, म्हणून की काय, सुशीलला कंपन्यांबद्दल मतं होती. मोबाइल, ब्राउझर, खेळाची मशीन बनवणाऱ्या साता समुद्रापलीकडच्या कंपन्यांबद्दल. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसा तो कंपन्यांची नावं घेत नसे. 'जपानवाले', 'अमेरिकावाले', 'ते कोरियाचे' असं सोयरिकीच्या घराण्यांबद्दल बोलावं तसं बोले.

"जपानवाल्यांचं कसं आहे," तो जीपमध्ये शेजारच्याला सांगे, "माणसं हट्टी, पण जिन्नस देतील तो प्रामाणिक. अमेरिकावाले दिलखुलास. फक्त एकदा घरात घेतले की पाहुणे म्हणून राहत नाहीत, आपलं कपाट उघडून बघतात."

शेजारच्याच्या मांडीवर बहुधा कोंबडी असे, आणि त्याचं सगळं लक्ष कोंबडीकडे असे. सुशीलला त्याचं काही वाटत नसे.

ब्राउझरच्या बाबतीत तर तो कडवा होता. कॉम्प्युटरबरोबर आपोआप येतो त्या ब्राउझरला तो 'आयता' म्हणायचा. "आयता वापरणं म्हणजे लग्नात आहेर म्हणून आलेल्या कपात रोज चहा पिणं," असं त्याने भर ऑफिसात जाहीर केलं होतं. स्वतः तो कुणी नाव न ऐकलेला एक ब्राउझर वापरी आणि त्यात अर्धी सरकारी पानं उघडत नसत. त्याला तो पानांचा दोष मानी.

मतं एरवी कुणाला नडत नाहीत. नडली ती कांतीशेठ पडले तेव्हा.

कांतीशेठ म्हणजे कांतीलाल, दीप्तीचे वडील. जव्हारच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. वरच्या फळीवरचा तागा काढताना स्टुलावरून खाली आले आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण खांदा जखडला तो जखडलाच. डॉक्टर म्हणाले, हात रोज थोडा थोडा वर न्या, नाहीतर तो आहे तिथेच बसेल. कांतीशेठना व्यायाम म्हणजे लहान मुलांची शिक्षा वाटे.

"सकाळ-संध्याकाळ हात वर करायला मी कुणाला शरण आलोय का?" ते म्हणाले आणि विषय संपवला.

त्यांचं घर दुकानाच्या माडीवर, जिना शिडीसारखा उभा. म्हणून दीप्तीने त्यांना आपल्याकडे आणलं. दुकान तिचा भाऊ केयूर बघू लागला. जावयाच्या घरी राहणं कांतीशेठना मुळीच पटत नव्हतं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहत. उजवा हात मांडीवर असा ठेवलेला, जणू कुणीतरी आपली पिशवी सांभाळायला देऊन गेलंय. ज्या माणसाने जन्मभर गिऱ्हाइकांशी अखंड बडबड केली, तो आता फक्त 'हं' म्हणायचा. जेवायला वाढू का? हं. केयूर येऊन गेला. हं.

एका संध्याकाळी दीप्ती कांदा न चिरताच ओट्याशी डोळे पुसत होती. सुशीलने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, आता आपण काहीतरी करायला हवं. अशा वेळी दुसरा माणूस सासऱ्याशी दोन शब्द बोलला असता. सुशीलने मशीन शोधलं.

जपानवाल्यांचं एक खेळाचं मशीन होतं. हातात दांडी धरायची आणि खरोखर चेंडू फेकल्यासारखा हात फिरवायचा. टीव्हीतला चेंडू जाऊन बाटल्या पाडतो. परदेशात म्हणे म्हातारी माणसं खेळता खेळता खांदे मोकळे करून घेतात. "या बाबतीत जपानवाल्यांचा हात कुणी धरणार नाही," सुशील म्हणाला. खिडकीतून 'हं' आलं.

शेजाऱ्यांनी सल्ले दिले. योगितावहिनींनी सांगितलं, मशीन कशाला, त्यांना भिंतीला चुना मारायला लावा. खांदाही सुटेल, भिंतही होईल. शेजारच्या मोबाइल दुकानातला पंकज म्हणाला, क्रिकेट लावा, चौकार गेला की हात आपोआप वर जातो. क्रिकेट लावलं. कांतीशेठनी संपूर्ण सामना हात मांडीवर ठेवून पाहिला आणि शेवटी एवढंच विचारलं की ही पांढरी पँट धुतो कोण.

मशीन मागवायला सुशील बसला, तर विक्रीचं पान त्याच्या लाडक्या ब्राउझरमध्ये पैसे भरायच्या वेळी पांढरंफटक पडे. पुन्हा केलं, पुन्हा पांढरं. शेवटी तो पंकजच्या दुकानात गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "जरा आयता उघडून दे."

पंकजने मान वर केली. "सुशीलभाऊ, तुम्ही? आयत्यावर?"

"तात्पुरतं आहे. कुणाला बोलू नकोस."

पंकज कुणाला बोलला नाही. फक्त दुकानात त्या वेळी जी चार माणसं होती ती बोलली असावीत. दुसऱ्या दिवशी मोखाड्याला ऑफिसात सुशीलच्या टेबलावर कुणीतरी पेढा ठेवला होता. त्याने तो खाल्ला नाही. दुपारी भूक लागली तेव्हा खाल्ला.

पार्सल आलं, पण हातात पडेना. मागवलं होतं केयूरच्या नावच्या खात्यावरून, त्यामुळे ओटीपी केयूरच्या फोनवर. केयूर माल आणायला सुरतेला, आणि फोन बंद. कुरिअरवाला पार्सल घेऊन परत गेला. सुशीलने ग्राहक सेवेला फोन केला. तिथल्या बाईंनी इतक्या गोड आवाजात दिलगिरी व्यक्त केली, की सुशीलनेच त्यांची समजूत घातली. अखेर केयूर परतला, पार्सल आलं, दीप्तीने हळदकुंकू लावलं, आणि सुशीलने वायरी जोडून बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली: आधी अपडेट करा.

रस्ता रुंद करायचं काम चालू होतं आणि जेसीबीने इंटरनेटची केबल आदल्याच दिवशी उखडली होती. मोबाइलवरून जोडून पाहिलं, तर पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलाएवढी सरकली आणि विश्रांतीला बसली. कांतीशेठ समोर दांडी हातात घेऊन बसले होते. मुलीने सांगितलं म्हणून बसले होते. बराच वेळ पट्टीकडे पाहून ते म्हणाले, "जावईबापू, आमच्याकडे गिऱ्हाईक आलं की आम्ही आधी कापड दाखवतो. दुकान बांधायला मदत करा, असं नाही सांगत."

कित्येक दिवसांतलं त्यांचं ते पहिलं लांब वाक्य. सुशीलला ते लागलंही, आणि बरंही वाटलं.

उपाय सुचवला जगनने. जगन मोखाड्यापलीकडच्या सूर्यमाळ गावचा रोजगारसेवक, रोजगार हमीच्या कामाच्या हजेऱ्या घेऊन नेहमी ऑफिसात यायचा. "सायेब, आमच्याकडं नवा टॉवर झालाय. घराच्या मागंच. मोबाइल खेळणारी पोरं सगळी कामाला भिवंडी-ठाण्याला. रेंज नुसती पडून हाय."

पडून असलेली रेंज, हे ऐकून सुशीलच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. रविवारी मशीन न्यायचं ठरलं. पडद्याशिवाय मशीन आंधळं, म्हणून टीव्हीही. दीप्ती म्हणाली, "टीव्ही? जीपमधून?" त्यावर खिडकीतून आवाज आला, "मी येतो. टीव्ही माझ्या मांडीवर राहील. हे धक्क्यात सोडतील."

जावयावरच्या अविश्वासापोटी का होईना, सासरे घराबाहेर पडले.

चादरीत गुंडाळलेला टीव्ही आणि मशीनचा पांढरा डबा घेऊन दोघं जीपमध्ये बसले. समोरच्या म्हाताऱ्याने डबा न्याहाळला.

"मतदानाची मशीन का सायेब?"

"नाही."

"मग कशाची?"

आता खरं सांगायचं म्हणजे, सासऱ्यांना खेळायला नेतोय, असं सांगायचं. पंचायत समितीच्या माणसाच्या तोंडून ते बाहेर पडेना. सुशील म्हणाला, "ऑनलाइनचं आहे."

एवढाच एक शब्द. पण मोखाडा तालुक्यात त्या उन्हाळ्यात त्या शब्दाला एकच अर्थ होता: रेशनची केवायसी. ज्याची केवायसी नाही त्याचं नाव कार्डावरून जाणार, अशी बोलवा होती. मोखाड्याला दोघं चहा प्यायला थांबले, तो शब्द मात्र थांबला नाही. तो पुढच्या जीपने सूर्यमाळला गेला.

जगनच्या घरासमोर पोचले तेव्हा अंगण भरलेलं होतं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आधार कार्डं, रेशन कार्डं. काहींच्या काखेत रिकामे हंडे तसेच. जगन ओशाळून उभा होता. त्याची बायको राही पुढे आली. "सायेब, बायका पाण्यावर न जाता थांबल्यात. तुमची मशीन येणार म्हणून."

सुशीलने घसा खाकरला. ऑफिसात वापरायचा आवाज त्याने काढून पाहिला. "त्याचं काय आहे, हे ते मशीन नाही. हे खेळाचं आहे."

कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. एक ठेंगणी म्हातारी पुढे झाली. ती गोजाबाई, जगनची चुलती. तिने उजवा अंगठा सुशीलच्या नाकासमोर धरला. जन्मभराच्या कामाने तो गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता.

"खेल तर खेल," ती म्हणाली. "पण रेशनच्या दुकानात माझा अंगठा लागं नाय. मशीन बोलतं, ही गोजाबाई नाय. मग मी कोण?"

सुशीलला जगातल्या सगळ्या कंपन्यांबद्दल मतं होती. गोजाबाईच्या अंगठ्याबद्दल एकही नव्हतं. त्याने टेकायला जागा शोधली, पडवीत बसला, आणि खिशातून फोन काढला. चेहरा दाखवून केवायसी होते, हे त्याला माहीत होतं. सोय होती, ॲप होतं. अडलं होतं ते रेंजपाशी. आणि रेंज इथे आता डोक्यावर उभी होती.

जगनच्या फोनवरून खेळाच्या मशीनला इंटरनेट दिलं, सौरऊर्जेच्या बॅटरीवर टीव्ही लावला, पट्टी सरकू लागली. सुशीलने आपल्या फोनवर कार्डं तपासायचं पान उघडलं. ते लाडक्या ब्राउझरमध्ये उघडलं नाही. आयत्यात चटकन उघडलं. या वेळी त्याने मनातसुद्धा काही म्हटलं नाही.

पण एकट्याने जमेना. नंबर घालायचा, मग फोन समोरच्याच्या चेहऱ्यापुढे धरायचा, डोळे मिचकावायला सांगायचं. बायका लाजून जमिनीकडे बघत. ॲप म्हणे चेहरा दिसत नाही. सुशील म्हणे वर बघा. त्या अधिकच खाली बघत.

कांतीशेठ खाटेवर बसून हे पाहत होते. एक वाईट विक्रेता चांगल्या गिऱ्हाइकांना परत पाठवतोय, हे दृश्य त्यांना बघवेना. ते उठले. "जावईबापू, तुम्ही आकडे घाला. धरायचं काम माझं."

पडवीत अंधार होता, म्हणून त्यांनी गिऱ्हाइकांना ओट्यावर उन्हात उभं केलं आणि स्वतः खाली अंगणात उभे राहिले. डाव्या हातात ज्याचं त्याचं आधार कार्ड, उजव्यात सुशीलने आकडे घालून दिलेला फोन.

"या बाई. खाली काय बघता, मला बघू नका, याच्यात बघा. लुगड्याचा काठ बघता तसं. हां, आता पापण्या मिटा. उघडा. झालं."

खरंच झालं. फोनवर हिरवी खूण आली. गोजाबाईला सुशीलने सांगितलं, मशीन म्हणतं, तूच गोजाबाई. ती म्हणाली, "मी तेच सांगत व्हते," आणि बाजूला सरली.

कांतीशेठ तिच्याकडे बघत होते. "हे लुगडं आमच्याकडचं."

"तुमच्याकडचंच. रंग गेला."

"रंग राहील असं नव्हतो म्हणालो. टिकेल म्हणालो होतो."

"टिकलं," गोजाबाईने कबूल केलं.

मग शेठ सुटले. कुणाला कुठल्या जत्रेच्या आधी काय घेतलं याची आठवण दिली, कुणाच्या लेकीच्या लग्नाची चौकशी केली, कुणाला फोनसमोर हसू नका म्हणून स्वतःच हसवलं. आधी ते फोन पोटाशी धरत होते आणि ओट्यावरच्या बायका वाकून बघत होत्या. मग फागू आला. फागू ताडासारखा उंच, त्याच्या कमरेत उसण भरलेली, वाकणं शक्य नाही. "वर करा शेठ," तो म्हणाला. शेठनी फोन छातीपर्यंत नेला. ॲप म्हणालं, चेहरा दिसत नाही. खांद्यापर्यंत नेला. दिसत नाही. कांतीशेठनी ओठ घट्ट मिटले, डोळे बारीक केले, आणि फोन कपाळाच्याही वर गेला.

"मिटा डोळे. उघडा."

फागूची खूण हिरवी आली नाही, कारण त्याचं नाव एका कार्डावर फागू आणि दुसऱ्यावर पागू होतं. ॲपने पागूला ओळखायला साफ नकार दिला. सुशील म्हणाला, उद्या ऑफिसात या, मी स्वतः करून देतो. असं वाक्य तो रोजच म्हणत असे. पण आज ते म्हणताना त्यालाच वाटलं की आपण खरंच करून देणार आहोत. आणि पुढे त्याने दिलंही.

फागूनंतर फोन पुन्हा पोटाशी राहिला नाही. एकामागून एक माणसं ओट्यावर चढत होती आणि शेठचा हात वर-खाली, वर-खाली चालला होता. हे सगळं सुशीलच्या डोळ्यांसमोर घडत होतं. पण त्याचा एक डोळा आधार क्रमांकावर आणि दुसरा आतल्या निळ्या पट्टीवर. तिसरा डोळा त्याला नव्हता. राहीने मध्येच सर्वांना नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण वाढलं, तेव्हा कांतीशेठनी उजव्या हाताने भाकरी मोडली. जावयाने तेही पाहिलं नाही. तो जगनला सांगत होता, जपानवाल्यांचं अपडेट हळू असतं, पण पक्कं असतं.

उन्हं कलली, ओटा रिकामा झाला, बायका हंडे घेऊन पाण्याच्या वाटेला लागल्या. आणि तेव्हाच आतून टिणटिण संगीत आलं. पट्टी भरली होती. पडद्यावर चकचकीत लाकडी वाट, तिच्या टोकाला पांढऱ्या बाटल्या, अलीकडे लाल चेंडू.

सुशील जवळजवळ धावतच दांडी घेऊन आला. इतक्या दिवसांचे अपमान, तो पेढा, ती दिलगीर बाई, सगळं या क्षणासाठी होतं. "बाबा, या. तयार झालं."

कांतीशेठनी पडद्याकडे पाहिलं, दांडीकडे पाहिलं. "आज नको," ते म्हणाले. "हात भरून आलाय."

"कशाने?"

कांतीशेठ खाटेवर जाऊन बसले. दांडी गोजाबाईने घेतली, चेंडू उलट्या दिशेला फेकला, आणि पडद्यातली माणसं टाळ्या वाजवू लागली तेव्हा, यांना काय एवढं झालं, म्हणून दांडी परत दिली.

शेवटची जीप फाट्यावर मिळायची. निघताना राहीने करवंदांचा द्रोण दिला. फाट्यावर येतात तोच वळणावरून जीप भरधाव आली. सुशीलच्या एका काखेत डबा, दोन्ही हातांत टीव्ही. तो नुसताच "अहो, अहो" करत राहिला. जीपवाला काही पाहीना.

कांतीशेठ रस्त्याच्या मध्ये गेले आणि त्यांनी उजवा हात वर केला. सरळ, कानाला लागून, पंजा उघडा.

जीप थांबली. धूळ खाली बसली. हात तरीही वर होता. आता शेठ स्वतःच मान वळवून त्याच्याकडे बघत होते, बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे.

"बाबा," सुशील म्हणाला. 

"बसा लवकर," कांतीशेठ म्हणाले. "तो थांबायचा नाही."

परतीच्या वाटेवर सुशील हिशेब घालत बसला. कुणाचे आभार मानावेत हे त्याला ठरवता येईना. जपानवाल्यांचे मानावेत, तर त्यांचा चेंडू अजून कुणी सरळ फेकलाही नव्हता. जेसीबीवाल्याचे मानावेत, तर ते केबल तोडल्याबद्दल होणार. गोजाबाईच्या अंगठ्याचे मानावेत, ते तिला कसे सांगायचे? मग त्याने हिशेब सोडून दिला आणि सगळ्यांचेच मानले, टॉवरचेही, फागूच्या उसणीचेही. शेजारच्या माणसाच्या मांडीवर कोंबडी होती. सुशीलने त्याला कंपन्यांबद्दल काही सांगितलं नाही. करवंदं दिली.

घरी दीप्ती दारातच उभी होती. तिने आधी टीव्ही पाहिला, तो शाबूत होता. मग वडिलांकडे पाहिलं. ते धुळीने माखले होते आणि चेहऱ्यावर असं काही होतं, जे तिने दुकानात सणासुदीच्या संध्याकाळी पाहिलेलं होतं.

"मशीन कसं आहे, बाबा?" तिने भीत भीत विचारलं.

कांतीशेठनी आत येऊन दार लावलं आणि हात उंच करून वरची कडी सरकवली. दीप्तीने तोंडावर हात ठेवला.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "सुरू व्हायला वेळ लागतो. पण तेवढ्या वेळात बरीच कामं होतात."